विश्लेषण : हातात एक्क्यांची जोडी असूनही पाने टाकून द्यायची? पोकरच्या ‘सॅटेलाइट’ स्पर्धांचे उलटे गणित काय?

लास वेगासमध्ये दरवर्षी होणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क आहे १० हजार डॉलर, म्हणजे साधारण साडेआठ ते नऊ लाख रुपये. २०२५ मध्ये या स्पर्धेत ९,७३५ प्रवेश झाले आणि अमेरिकेच्या मायकेल मिझराकी याने एक कोटी डॉलरचे पहिले बक्षीस नेले. यातील प्रत्येकाने नऊ लाख रुपये खिशातून मोजलेले नसतात. अनेक जण येतात ते ‘सॅटेलाइट’ नावाच्या छोट्या पात्रता स्पर्धेतून, दहाव्या हिश्श्याच्या किंवा त्याहूनही कमी पैशांत तिकीट मिळवून. या सॅटेलाइटच्या शेवटच्या अर्ध्या तासात पोकरचे नेहमीचे नियम उलटे होतात. तिथे सर्वोत्तम पाने टाकून देणारा शहाणा ठरतो आणि ती खेळणारा घरी जातो. भारतात ऑनलाइन पोकरवर आलेल्या बंदीनंतर ‘कौशल्य की नशीब’ हा वाद पुन्हा न्यायालयात पोहोचला असताना हे गणित समजून घेण्यासारखे आहे.

सॅटेलाइट स्पर्धा म्हणजे काय?

कल्पना सोपी आहे. मुख्य स्पर्धेचे तिकीट १० हजार डॉलरचे. शंभर जणांनी प्रत्येकी एक हजार डॉलर भरले की एक लाख डॉलर जमतात आणि त्यातून दहा तिकिटे निघतात. शंभरातील शेवटचे दहा उरले की खेळ थांबतो आणि दहाही जणांना एकेक तिकीट मिळते. आयोजक आपले शुल्क वेगळे घेतो, ते या हिशेबात नाही. उरलेल्या ९० जणांना काहीही मिळत नाही. तिकिटांच्या हिशेबात बसले नाहीत असे थोडे पैसे उरले, तर ते पुढच्या एखाद-दुसऱ्याला रोख दिले जातात.

या पद्धतीचे श्रेय वर्ल्ड सिरीजचे एकेकाळचे संचालक एरिक ड्रेश यांना दिले जाते. १९८३ मध्ये टॉम मॅकेव्हॉय हा सॅटेलाइटमधून आलेला खेळाडू पहिल्यांदा मुख्य स्पर्धा जिंकला. पण जगाला सॅटेलाइट हा शब्द कळला तो २००३ मध्ये. टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर (हे त्याचे खरे आडनाव) या हिशेबनीसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटपासून सुरुवात करून ८३९ जणांची मुख्य स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर मिळवले. पुढच्याच वर्षी मुख्य स्पर्धेत २,५७६ जण उतरले आणि जिंकलेला ग्रेग रेमरही ऑनलाइन सॅटेलाइटमधूनच आलेला होता. २००६ मध्ये हा आकडा ८,७७३ झाला. ऑनलाइन पोकरचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नेहमीच्या स्पर्धेपेक्षा ही वेगळी कशी?

नेहमीच्या स्पर्धेत पहिल्याला सर्वाधिक, दुसऱ्याला त्याहून कमी अशी बक्षिसांची उतरंड असते. त्यामुळे तिथे चिप्स वाढवत नेण्याला अर्थ असतो. सॅटेलाइटमध्ये उतरंडच नाही. दहा तिकिटे असतील तर चिप्सचा डोंगर घेऊन पहिला आलेला आणि शेवटची एक चिप घेऊन काठावर पास झालेला, दोघांच्या हातात तेच तिकीट पडते. पहिल्याच्या जास्तीच्या चिप्स खेळ संपताच कचरा ठरतात.

याचा परिणाम असा, की चिप्सची किंमत एकसारखी राहत नाही. वरच्या उदाहरणात प्रत्येकाला सुरुवातीला २० हजार चिप्स दिल्या असतील, तर टेबलांवर एकूण २० लाख चिप्स आहेत आणि शेवटी त्या दहा जणांकडे असणार. म्हणजे शेवटची सरासरी दोन लाख. बारा जण उरले असताना ज्याच्याकडे दोन लाख आहेत तो जवळजवळ पोहोचला. त्याने आणखी दोन लाख मिळवले तरी त्याच्या पदरात नवे काही पडत नाही. हातातले दोन लाख घालवले तर मात्र सगळेच जाते. मिळवण्यासारखे जवळपास शून्य आणि गमावण्यासारखे सर्वस्व, असा हा एकतर्फी सौदा आहे.

शेवटी ‘पुश’ किंवा ‘फोल्ड’ एवढेच का उरते?

तीनपत्ती खेळणाऱ्यांना ‘ब्लाइंड’ म्हणजे पाने न पाहता लावलेली चाल माहीत असते. पोकरमधील ब्लाइंड वेगळा. तिथे प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पाने पाहण्याआधी सक्तीने पैसे टाकावे लागतात, एकाला छोटा ब्लाइंड आणि पुढच्याला त्याच्या दुप्पट मोठा ब्लाइंड. ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते. अलीकडे बहुतेक प्रत्यक्ष स्पर्धांत मोठ्या ब्लाइंडवर बसलेलाच सगळ्या टेबलाच्या वतीने ‘अँटे’ नावाची आणखी एक रक्कम भरतो आणि ती सहसा मोठ्या ब्लाइंडएवढीच असते. म्हणजे टेबलाचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत प्रत्येकाचे अडीच मोठे ब्लाइंड खर्च होतात. एकही डाव न खेळता. जणू बसल्या जागेचे भाडे. आणि हे भाडे दर २०-३० मिनिटांनी वाढते.

सुरुवातीला खेळाडूकडे शंभर-दोनशे मोठे ब्लाइंड असतात, तेव्हा थोडे लावून बघणे, पुढचे पान उघडेपर्यंत थांबणे, हुलकावणी देणे असे सगळे प्रकार चालतात. शेवटाकडे बहुतेकांकडे दहा-बारा किंवा त्याहून कमी ब्लाइंड उरतात. अशा वेळी दोन-तीन ब्लाइंड लावून नंतर माघार घेणे म्हणजे पाव चिप्स घालवणे. म्हणून दोनच सरळ पर्याय राहतात. सगळे पुढे ढकलायचे (पुश) किंवा पाने टाकून द्यायची (फोल्ड, म्हणजे तीनपत्तीतला ‘पॅक’).

त्यातही ढकलणे आणि दुसऱ्याने ढकललेल्याला ‘कॉल’ करणे, म्हणजे त्याच्याइतक्या चिप्स लावून पाने उघडायला लावणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ढकलणाऱ्याकडे जिंकण्याचे दोन मार्ग असतात : समोरच्यांनी पाने टाकली तरी तो जिंकतो आणि पाने उघडली तर चांगली निघाली तरी जिंकतो. कॉल करणाऱ्याकडे एकच मार्ग असतो, त्याची पाने सरस निघायला हवीत. सॅटेलाइटच्या शेवटी हा फरक टोकाला जातो.

एक्के टाकून देण्याचे गणित कसे मांडतात?

यासाठी ‘आयसीएम’ नावाचे प्रारूप वापरले जाते. चिप्सवरून बक्षिसाची शक्यता काढण्याची ही रीत मेसन मालमथ यांनी १९८७ मध्ये पोकरसाठी मांडली. तिच्या मुळाशी असलेले सूत्र मात्र घोड्यांच्या शर्यतीतले आहे. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये ते शर्यतीतील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या शक्यतांसाठी वापरले होते. तत्त्व असे : एकूण चिप्समध्ये ज्याचा जितका वाटा, तितकी त्याची पहिले येण्याची शक्यता. पहिला बाजूला काढायचा आणि उरलेल्यांत पुन्हा वाट्यानुसार दुसरा ठरवायचा.

उदाहरण म्हणून तीन खेळाडू आणि दोन तिकिटे घेऊ. अ कडे ५० हजार चिप्स, ब कडे ४० हजार आणि क कडे १० हजार. एकाला रिकाम्या हाताने जावे लागणार. ब ला तिकीट मिळण्याची शक्यता किती? तो पहिला येण्याची शक्यता ४० टक्के. अ पहिला आला (५० टक्के) तर उरलेल्या ५० हजारांत ब चे ४० हजार, म्हणजे दुसरा येण्याची शक्यता ८० टक्के. ५० चे ८० टक्के म्हणजे ४०. क पहिला आला (१० टक्के) तर उरलेल्या ९० हजारांत ब चे ४० हजार, म्हणजे ४४.४ टक्के, त्याचे झाले ४.४. एकूण बेरीज ८४.४ टक्के. याच रीतीने अ ची शक्यता ८८.९ टक्के येते आणि क ची २६.७ टक्के. तिघांची बेरीज २०० टक्के, कारण तिकिटे दोन आहेत.

आता अ ने पाने न पाहताच सगळे पुढे ढकलले, क ने पाने टाकली आणि ब ने आपली पाने पाहिली. एक्क्यांची जोडी! पोकरमध्ये याहून चांगली सुरुवात नाही. समोर कोणतीही दोन पाने असली तरी एक्क्यांची जोडी सरासरी ८५ टक्के वेळा जिंकते. नेहमीच्या पैशांच्या खेळात इथे विचार करायलाही कोणी थांबणार नाही.

ब ने कॉल केला आणि जिंकला तर त्याच्याकडे ८० हजार होतील, अ आणि क कडे प्रत्येकी १० हजार. ब ची तिकिटाची शक्यता ८४.४ वरून ९७.८ टक्क्यांवर जाईल. वाढ साडेतेरा टक्क्यांच्या आत. हरला तर थेट शून्य. म्हणजे १३.४ मिळवण्यासाठी ८४.४ पणाला. हा सौदा परवडायला ब ला किमान ८६.४ टक्के वेळा जिंकायला हवे, आणि एक्के जिंकतात ८५ टक्के. कॉल केल्यावर ब ची सरासरी शक्यता ८३.१ टक्के होते, पाने टाकली तर ८४.४ टक्के राहते.

फरक जेमतेम सव्वा टक्क्याचा आहे हे खरे. आणि या हिशेबात ब ने आधीच टाकलेले ब्लाइंड धरलेले नाहीत, ते धरले तर आकडा थोडा कॉलच्या बाजूला सरकतो. पण आयसीएमला एक गोष्ट दिसत नाही. क कडे ब्लाइंडच्या हिशेबात दोन-तीन डावांचाच श्वास उरला असेल, तर त्याची खरी शक्यता २६.७ हून बरीच कमी आणि ब ची ८४.४ हून बरीच जास्त असते. तेव्हा एक्के टाकणे हा काठावरचा निर्णय राहत नाही, तो स्पष्ट होतो. अकरा जण, दहा तिकिटे आणि अकराव्याकडे अर्धा ब्लाइंड अशी स्थिती असेल, तर मधल्या खेळाडूने कोणतीही पाने घेऊन मोठ्या खेळाडूशी भिडणे हा शुद्ध आत्मघात ठरतो.

आता याच डावाकडे क च्या खुर्चीतून पाहू. ब ने एक्के घेऊन कॉल केला तर ८५ टक्के वेळा ब जिंकतो आणि क ची शक्यता २६.७ वरून ५१.१ टक्क्यांवर जाते. १५ टक्के वेळा अ जिंकतो, ब बाद होतो आणि क ला तिकीट मिळूनच जाते. सरासरी ५८.४ टक्के. क ने काय केले? काहीही नाही. अ ची शक्यता मात्र ८८.९ वरून तितक्याच ५८.४ वर घसरते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो असे आपल्याकडे म्हणतातच, इथे तो लाभ दशांश चिन्हापर्यंत मोजता येतो.

मग ढकलायचे कोणी आणि कोणासमोर?

वरच्या उदाहरणात ब ला एक्केही टाकावे लागतात, याचा अर्थ अ जवळजवळ कोणत्याही पानांवर ढकलू शकतो. मोठ्या चिप्सवाल्याची ही सत्ता असते. तो मधल्या खेळाडूंचे ब्लाइंड एकामागून एक उचलत राहतो. पण ही दादागिरी फक्त गणित जाणणाऱ्यावर चालते. समोरच्याला सॅटेलाइटचा हिशेबच माहीत नसेल आणि ‘एक्के आले, आता कोण सोडतो’ म्हणून त्याने कॉल केला, तर नुकसान दोघांचेही होते, आणि आकड्यांत पाहिले तसे ढकलणाऱ्याचे जास्त. त्यामुळे आधीच सुरक्षित असलेल्या मोठ्या खेळाडूनेही नको तिथे अंगावर घेण्याचे कारण नसते. अनुभवी खेळाडू अशा वेळी पाने पाहण्याचेही कष्ट घेत नाहीत.

थोड्या चिप्स असलेल्याचा प्रश्न अधिक अवघड, आणि खरी परीक्षा तिथेच होते. समजा एखाद्याकडे सहा मोठे ब्लाइंड आहेत. पहिला प्रश्न पानांचा नाहीच. आणखी किती जण बाद व्हायचे आहेत, आपल्याहून कमी चिप्स किती जणांकडे आहेत आणि ब्लाइंडची पाळी कोणावर आधी येणार, हे आधी पाहायचे. २० तिकिटे आणि २२ खेळाडू असतील, शेजारच्या टेबलांवर तिघांकडे दोन-दोन ब्लाइंड असतील आणि आपला ब्लाइंड नुकताच जाऊन गेला असेल, तर नऊ जणांच्या टेबलावर पुढचे सात डाव फुकट आहेत. त्या सात डावांत त्या तिघांवर ब्लाइंड आणि अँटे मिळून दोन ब्लाइंडचे भाडे येणार आणि त्यांना पाने न निवडताच सगळे लावावे लागणार. अशा वेळी राजांची जोडीही टाकता येते. प्रश्न फक्त हात स्थिर ठेवण्याचा असतो.

पण तेच सहा ब्लाइंड असताना अजून आठ-दहा जण बाद व्हायचे असतील, तर वाट पाहणे घातक. एका फेऱ्यात सहाचे साडेतीन होतात, आणि साडेतीन ब्लाइंडना कोणी घाबरत नाही. त्याचे कारण आकड्यांत दिसते. दहा ब्लाइंड ढकलले तर मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्याला कॉलसाठी आणखी नऊ टाकावे लागतात आणि निव्वळ चिप्सच्या हिशेबात त्याला सुमारे ४२ टक्के जिंकण्याची शक्यता हवी असते. सहा ढकलले तर ३७ टक्के पुरतात. साडेतीन ढकलले तर त्याला अडीचच टाकायचे असतात, २९ टक्के पुरतात, आणि तेवढी शक्यता बहुतेक कोणत्याही दोन पानांत असते. म्हणजे उशीर केला की ढकलण्यातली धमकीच संपते. सहाचे साडेतीन होण्याआधी मध्यम पानांवर ढकलावे लागते ते यासाठी. चांगल्या पानांची वाट बघत बसलेला खेळाडू अनेकदा चांगली पाने आल्यावरच बाद होतो, कारण तोवर त्याला चौघे कॉल करतात.

कोणासमोर ढकलायचे हेही महत्त्वाचे. चिप्सचा डोंगर असलेल्याला सहा ब्लाइंड गमावल्याने फरक पडत नाही, तो सहज कॉल करतो. अगदी दोन ब्लाइंडवर आलेल्याला गमावण्यासारखे उरलेले नसते, तोही करतो. घाबरतो तो मधला. तिकिटाच्या अगदी जवळ पोहोचलेला, पण अजून न मिळालेला. वरच्या उदाहरणातल्या ब सारखा. त्याचा ब्लाइंड चोरणे सर्वांत सुरक्षित.

एवढे सोपे असेल तर खेळाडू चुकतात का?

गणित सोपे आहे, वागणे नाही. चार-पाच तास चांगल्या पानांची वाट पाहिलेल्या माणसाला एक्क्यांची जोडी टाकणे जमत नाही. वर्षानुवर्षे ‘आक्रमक खेळा’ असेच शिकवलेले असते. शिवाय टाकून दिलेले एक्के कोणाला दिसत नाहीत. धाडस सगळ्यांना दिसते, माघार फक्त स्वतःला माहीत असते. दुसरी चूक म्हणजे फक्त आपल्याच टेबलाकडे पाहणे. सॅटेलाइटच्या शेवटी खुर्चीतून उठून इतर टेबलांवरच्या चिप्स मोजून येणारा खेळाडू हौशी वाटतो, पण तोच बहुधा सर्वांत गंभीर असतो.

वेळकाढूपणा हा या स्वरूपाचा जुना रोग. ब्लाइंड आपल्यापर्यंत येण्याआधी दुसऱ्या टेबलावर कोणी बाद व्हावे म्हणून प्रत्येक निर्णयाला मिनिटभर लावायचे. त्यावर उपाय म्हणून तिकिटांच्या तोंडाशी सर्व टेबलांवर एकाच वेळी एकेक डाव वाटला जातो, काही ठिकाणी निर्णयाला घड्याळ लावतात. काही आयोजकांनी तर ठरावीक चिप्स गाठल्या की लगेच तिकीट देऊन खेळाडूला बाहेर काढायला सुरुवात केली आहे. त्यात हे शेवटचे ताटकळणेच राहत नाही. संगनमत हा मात्र वेगळा विषय. छोटा खेळाडू सगळे लावून बसला असताना बाकी दोघांनी एकमेकांशी न लढता गप्प राहणे हा दोघांच्याही हिताचा, आपसूक घडणारा खेळ असतो. तेच तोंडाने ठरवून केले तर ती फसवणूक आणि स्पर्धेतून हकालपट्टीचे कारण.

तिकिटाची खरी किंमत किती?

हिशेबात तिकीट १० हजार डॉलरचे धरले जाते. पण ते अनेकदा दुसऱ्याला देता येत नाही, रोख करता येत नाही. मनीमेकरचीच गोष्ट बोलकी आहे. त्याच्या अंतिम सॅटेलाइटमध्ये पहिल्या तिघांना मुख्य स्पर्धेचे तिकीट होते आणि चौथ्याला सुमारे आठ हजार डॉलर रोख. त्याच्या डोक्यावर कर्ज होते आणि त्याला चौथे यायचे होते, असे त्यानेच नंतर सांगितले आहे. मित्राने त्याच्या तिकिटात भागीदारी देऊ केली म्हणून तो तिकिटासाठी खेळला. ही गोष्ट आज परीकथेसारखी सांगितली जाते, पण कर्ज असलेल्या माणसाने रोख रक्कम मागणे हा त्या क्षणी चुकीचा विचार होता असे म्हणता येत नाही. मुख्य स्पर्धेत साधारण १५ टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळते. म्हणजे सॅटेलाइटमधून आलेल्या बहुसंख्यांचे नऊ लाखांचे तिकीट काही दिवसांत शून्यावर येते. ज्याने स्वतःहून कधी नऊ लाख एका स्पर्धेवर लावले नसते, तो सॅटेलाइटमुळे तेवढे लावून बसतो. आयोजकांना सॅटेलाइट का आवडतात, याचे उत्तर यात आहे.

भारतातील कायदा काय म्हणतो?

भारतीय ऑनलाइन मंचांवरही काही शे रुपयांत लाखाचे तिकीट अशा सॅटेलाइट चालत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाखांपर्यंतची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कळीचा मुद्दा व्याख्येत आहे : खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोन्हींचा, पैसे लावून पैसे मिळण्याची अपेक्षा असेल तर तो बंद.

त्याआधीची अनेक दशके सगळा वाद कौशल्यावरच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. पोकरबाबत एकमत झाले नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार म्हटले, तर मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या कायद्यातील रमी-पोकरवरील बंदी रद्द करताना ते कौशल्याचे खेळ मानले.

सॅटेलाइटचा शेवट हा कौशल्याच्या बाजूने सांगता येईल असा सर्वांत भक्कम पुरावा आहे. नशिबाने दिलेली सर्वोत्तम पाने हिशेब करून नाकारणे याला दुसरा शब्द नाही. पण त्याच उदाहरणात दुसरी बाजूही आहे. शंभर जणांनी पैसे भरले आणि दहा तिकिटे निघाली, तर ९० जण हरणार हे पहिला पत्ता वाटण्याआधीच ठरलेले असते. कौशल्य त्या दहांत कोण असेल हे बदलू शकते, ९० चे ८० करू शकत नाही. सरकारचा युक्तिवाद आर्थिक हानी आणि व्यसनाचा आहे, आणि ‘हा खेळ कौशल्याचा आहे’ हे त्याला पूर्ण उत्तर होत नाही. सरसकट बंदीने खेळाडू परदेशी, अनियंत्रित संकेतस्थळांकडे वळतील हा कंपन्यांचा आक्षेपही तितकाच खरा आहे.

या कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. गोव्यातील कॅसिनोंत टेबलावर बसून खेळला जाणारा पोकर या ऑनलाइन कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथे राज्याचा १९७६ चा जुगारविषयक कायदा आणि त्यातील दुरुस्त्या लागू आहेत. महाराष्ट्रानेही त्याच वर्षी कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. कॅसिनोंवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या ज्या खेळाडूला आता मांडवीच्या काठी जाऊन सॅटेलाइट खेळायची आहे, त्याला प्रवास, मुक्काम आणि वाढीव कर धरून तिकिटाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.